सिम्युलेशन रात्रभर चालतं आणि सकाळी 'टाइमस्टेप टू स्मॉल' म्हणून मरतं, काय करू?

भोसरीकर | शनिवार, रात्री ११:४०

मंडळी नमस्कार. चार-पाच वर्षं नुसता वाचनमात्र आहे, आज अडलो म्हणून धागा काढतोय.

हौस म्हणून एक फ्लायबॅक (ट्रान्सफॉर्मरमध्ये ऊर्जा साठवून पलीकडे सोडणारा) पॉवर सप्लाय करतोय. इनपुट २३० व्होल्ट एसी, आउटपुट १२ व्होल्ट २ अँपिअर, स्विचिंग ६५ किलोहर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर गुंडाळायच्या आधी एलटीस्पाइस या सर्किट सिम्युलेटरमध्ये बघून घ्यावं म्हटलं. सर्किट फार मोठं नाही. ब्रिज (एसीचं डीसी करणारा), बल्क कपॅसिटर (ते डीसी साठवणारा), ट्रान्सफॉर्मर, एक स्विच, आरसीडी स्नबर (स्विच तुटतानाची उसळी शोषणारा), पलीकडे डायोड-कपॅसिटर आणि फीडबॅकला (आउटपुट बघून स्विच सांभाळायला) टीएल४३१ व ऑप्टोकपलर. कंट्रोलरचं मॉडेल हाताशी नव्हतं, ते बिहेवियरल सोर्स (सूत्र लिहून केलेला सोर्स) लावून मीच जोडलंय.

रन दिला की आधी तीन-चार मिनिटं ऑपरेटिंग पॉइंटच (सुरुवातीची स्थिर व्होल्टेज) शोधत बसतं. खालच्या पट्टीत जीमिन स्टेपिंग, मग सोर्स स्टेपिंग, मग स्यूडो ट्रान्झियंट असं काय काय येतं. मग एकदाचं सुरू होतं. वेग आधी मायक्रोसेकंद प्रति सेकंद दाखवतं, मग नॅनो, मग पिको. काल रात्री दहाला लावून झोपलो. सकाळी बघतो तर ११ मिलिसेकंदांवर 'टाइमस्टेप टू स्मॉल', आणि फाइल १४ जीबी. मला २०० मिलिसेकंद हवेत.

लॅपटॉप ८ कोअर, १६ जीबी रॅम. अचूकता हवी म्हणून मॅक्सिमम टाइमस्टेप (हिशोबाचं मोठ्यात मोठं पाऊल) १ नॅनोसेकंद ठेवलाय. वेग यावा म्हणून स्विच आयडियल घेतलाय. नवीन लॅपटॉप घेऊ का? बायको हे संस्थळ वाचत नाही, मोकळेपणाने सांगा.

चहाबाज | शनिवार, रात्री ११:५२

घ्याच. वहिनींना धाग्याची लिंक पाठवायची जबाबदारी माझी.

शॉर्टकट_शेठ | रविवार, सकाळी ७:१५

एवढा विचार कशाला? ऑप्शन्समध्ये ही ओळ टाका: रेलटॉल ०.०५, ॲबस्टॉल १ मिलि, व्हीएनटॉल १० मिलि, जीमिन १ई-६, मेथड गिअर. आमच्या ऑफिसात सगळे हेच चिकटवतात. भुर्रकन पळतं.

पन्हाळकर_रिपेअरिंग | रविवार, सकाळी ८:०३

भावा, रात्रभर काम्पुटर तापवण्यापेक्षा बोर्डच बनव की. आमच्या दुकानात महिन्याला चाळीस-पन्नास एसएमपीएस, असलेच स्विचिंग सप्लाय, येतात. सिरीजला १०० वॉटचा बल्ब लावायचा, बटण दाबायचं. बल्ब भगभगीत राहिला तर शॉर्ट, एकदा चमकून मंद झाला तर सप्लाय उठला. ह्याला न्यूटन-बिटन काय लागत न्हाई.

जुना_फ्यूज | रविवार, सकाळी १०:२०

पन्हाळकर, सिरीज बल्बला माझा दंडवत. पण बल्ब सांगतो सप्लाय उठला की नाही. का उठला नाही, ते सांगत नाही. बल्क कपॅसिटरवर ३२५ व्होल्ट डीसी असतात, तिथे 'करून बघू' म्हणण्याआधी कागदावर बघणं बरं.

शेठ, तुमच्या ओळीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण ती ओळ सगळीकडे फिरते आणि तिचं मूळ कुणी बघत नाही.

स्पाइस हे नावच 'सिम्युलेशन प्रोग्राम विथ इंटिग्रेटेड सर्किट एम्फसिस' याचं लघुरूप आहे. बर्कली विद्यापीठात डोनाल्ड पेडरसन यांच्या हाताखाली लॅरी नेगेल यांनी लिहिलं, १९७३ मध्ये बाहेर आलं. जन्म चिपसाठी. त्यामुळे मुळातले आकडे चिपच्या मापाचे: करंटची सहनशीलता (ॲबस्टॉल), म्हणजे चालवून घेतलेली चूक, १ पिकोअँपिअर, व्होल्टेजची (व्हीएनटॉल) १ मायक्रोव्होल्ट. धागाकर्त्याच्या सर्किटमध्ये अँपिअरात करंट वाहतोय, तिथे पिकोअँपिअरचा हिशोब मागणं म्हणजे उसाचा ट्रक सोनाराच्या काट्यावर तोलणं. ॲबस्टॉल १ नॅनो, अगदी १ मायक्रोअँपिअर करा, व्हीएनटॉल १ मिलिव्होल्ट करा, काही बिघडत नाही. एवढ्यापुरते शेठ बरोबर.

पण जीमिन १ई-६ (दहाचा उणे सहावा घात)? जीमिन म्हणजे प्रत्येक जंक्शनला समांतर जोडलेला अदृश्य रेझिस्टर. मूळ किंमत १ई-१२ सीमेन्स, म्हणजे दहा लाख मेगओहम. तुम्ही तो १ मेगओहम केलात. बंद डायोडवर ३२५ व्होल्ट असले की त्यातून ३२५ मायक्रोअँपिअर गळणार. अशा सप्लायमध्ये स्टार्टअप रेझिस्टर (कंट्रोलरला सुरुवातीचा करंट देणारा) बहुधा १ मेगच्या आसपास असतो, तोही तेवढाच करंट देतो. गळती आणि मूळ करंट एका मापाचे झाले की मग सिम्युलेशन पळेल, पण ते दुसऱ्याच कुठल्यातरी सर्किटचं असेल. आणि रेलटॉल ०.०५ म्हणजे पाच टक्के चूक पावलोपावली माफ. फीडबॅकचा लूप स्थिर आहे की नाही हे बघायला बसला असाल तर पाच टक्क्यांत काय दिसणार?

रोग हाल्याला आणि औषध पखालीला, असं ते चाललंय.

शॉर्टकट_शेठ | रविवार, सकाळी १०:४१

काका, डेडलाइन नावाचा प्रकार तुमच्या काळात नव्हता बहुतेक.

जुना_फ्यूज | रविवार, सकाळी १०:५८

होता. १९९१ साली ३८६ वर पीएसपाइसची मोफत आवृत्ती वापरायचो. मॅथ कोप्रोसेसर शेजारच्या खात्यातून उसना आणलेला, संध्याकाळी साडेपाचला परत द्यावा लागायचा. त्या आवृत्तीत ६४ नोड (सर्किटमधले जोडबिंदू) आणि १० ट्रान्झिस्टर एवढीच मर्यादा. म्हणून रन द्यायच्या आधी सर्किट तासभर बघायचो. आता मर्यादा गेली आणि बघणंही गेलं.

मधुरा_सांगली | रविवार, सकाळी ११:३०

मी डिप्लोमाच्या मुलांना शिकवते. आमच्याकडे आयआयटी मुंबईच्या फॉसी (मुक्त सॉफ्टवेअर) प्रकल्पाचं ईसिम वापरतात, आत इंजिन एनजीस्पाइसचं. लक्षणं तीच. उत्तर शोधायची स्पाइसची पद्धत म्हणजे न्यूटन-राफसन, ती मुलांना मी अशी सांगते:

सिम्युलेटरला उत्तर माहीत नसतं. तो एक अंदाज धरतो, त्या जागी वक्राला सरळ रेषा टेकवतो, रेषा जिथे नेईल तिथे जातो, तिथे पुन्हा रेषा टेकवतो. दोन फेऱ्यांमधला फरक सहनशीलतेच्या आत आला की म्हणतो, जमलं. आता डायोड घ्या. साध्या तापमानाला दर ६० मिलिव्होल्टला करंट दहापट. ०.७ व्होल्टला १ मिलिअँपिअर असेल आणि अंदाज चुकून १.५ व्होल्टला पडला, तर करंट एकावर तेरा शून्यं एवढ्या पटीने उडतो. रेषा जवळजवळ उभी भिंत होते. म्हणून आतमध्ये जंक्शनच्या व्होल्टेजला एका फेरीत फार लांब उडी मारू न देणारा लगाम असतो. पण आपण स्वतः लिहिलेल्या बिहेवियरल सोर्सला तो लगाम नसतो!

म्हणून धागाकर्त्यांना प्रश्न: कंट्रोलरच्या सोर्समध्ये 'इफ' वापरलंय का? इफ म्हणजे कडा. कड्याला उतार नसतो, रेषा टेकवायची कुठे? शक्य तिथे टॅनएच सारखं गोलाकार फंक्शन घ्या, किंवा पुढे छोटा आर-सी लावा, १ किलोओहम आणि १० पिकोफॅरड चालेल.

आणि कृपया नेटलिस्ट (सर्किटमधल्या घटकांची यादी) टाका. पेशंटला न बघता औषध देणं बंद करूया.

आयंडहोवनचा_बंड्या | रविवार, दुपारी २:०५

मधुराताईंना +१. शेठच्या ओळीतला 'मेथड गिअर' मात्र सगळ्यांच्या नजरेतून सुटला. मी इकडे चिप डिझाइनमध्ये आहे, गिअरने मला एकदा आठवडाभर रडवलंय.

गिअर आणि ट्रॅपेझॉइडल या पुढचं पाऊल मोजायच्या दोन पद्धती. ट्रॅपेझॉइडल पद्धतीत कधीकधी खोटी लहर दिसते. इंडक्टरचं व्होल्टेज एका पावलाला वर, एका पावलाला खाली, करवतीच्या दातांसारखं. ते आकड्यांचं भूत, सर्किटचं नाही. गिअर लावला की भूत जातं. पण गिअर खऱ्या लहरींनाही दाबतो. माझा ऑसिलेटर सिम्युलेशनमध्ये सुरूच होईना. मी ट्रान्झिस्टर मोठा करत गेलो, बायस वाढवत गेलो. शेवटी कळलं की आमच्या जुन्या टेम्प्लेटमध्ये कुणीतरी गिअर टाकून ठेवलेला.

ओमकार_ईअँडटीसी | रविवार, दुपारी २:३०

दादा, माझा घड्याळाचा क्रिस्टल पण सुरू होत नाही, ३२.७६८ किलोहर्ट्झचा. गिअर नाहीये. मेजर प्रोजेक्ट आहे, प्लीज.

आयंडहोवनचा_बंड्या | रविवार, दुपारी ३:१२

तुझा वेगळाच रोग आहे, आणि तो रोग नाहीच. घड्याळाच्या क्रिस्टलचा क्यू (लहर किती टिकते त्याचं माप) हजारोंमध्ये असतो. खऱ्या जगातही तो उठायला सेकंदाचा बराचसा भाग घेतो. एका सेकंदात ३२७६८ लहरी, प्रत्येकीला कमीत कमी ३०-४० बिंदू, म्हणजे दहा-तेरा लाख पावलं. शिवाय सिम्युलेटरच्या जगात नॉइज नसतो, आदर्श शांतता. ढकलल्याशिवाय हालणार कोण? क्रिस्टलच्या मोशनल इंडक्टरला सुरुवातीचा करंट दे, अपेक्षित करंटच्या थोडा खाली. मग तो वाढतोय की मरतोय एवढं शंभर-दोनशे लहरींत दिसतं.

चहाबाज | रविवार, दुपारी ३:२०

फ्लायबॅकच्या धाग्यावर घड्याळ. अजून दोन प्रतिसादांत मराठी शाळांवर येऊ.

शून्यव्होल्ट | रविवार, संध्याकाळी ५:४५

लॅपटॉपचा मूळ प्रश्न अनुत्तरित राहिला म्हणून लिहितो. घेऊ नका. ६०-७० नोडच्या मॅट्रिक्ससाठी ८ काय आणि ३२ कोअर काय. प्रत्येक पाऊल आधीच्या पावलावर अवलंबून, त्यामुळे काम वाटून देता येत नाही. नऊ बायका मिळून एका महिन्यात बाळ होत नाही तसं.

त्यापेक्षा हा हिशोब करा. २०० मिलिसेकंद भागिले १ नॅनोसेकंद म्हणजे २० कोटी बिंदू, तेही कमीत कमी. तुम्ही त्याला सांगितलंय की बाबा, काही घडत नसलं तरी नॅनोसेकंदाला एकदा उठून बघ. ६५ किलोहर्ट्झचं एक चक्र साधारण १५.४ मायक्रोसेकंदांचं. त्याला १०० बिंदू पुष्कळ, आणि ते त्याचे तोच ठरवतो: कडेला बारीक पावलं, सपाटीवर मोठी. २०० मिलिसेकंदांत १३००० चक्रं, म्हणजे १३ लाख बिंदू. दीडशे पटींचा फरक आहे. मॅक्सिमम टाइमस्टेप काढून टाका, फारच वाटलं तर १०० नॅनो ठेवा.

आणि सेव्ह फक्त हव्या त्या नोडचं करा. सगळे करंट साठवले की १४ जीबी होणारच.

भोसरीकर | रविवार, रात्री ९:३०

सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. मॅक्सिमम टाइमस्टेप काढला. वेग वाढला, पण ऑपरेटिंग पॉइंटचा घोळ तसाच, आणि ९ मिलिसेकंदांवर पुन्हा तेच. आता लवकर मरतं एवढाच फायदा. कंट्रोलरमध्ये हो, इफ आहेत, तीन.

नेटलिस्टमधल्या महत्त्वाच्या ओळी देतो. मोबाइलवरून टंकतोय, चूकभूल द्यावी घ्यावी.

इनपुटला १० ओहम एनटीसी (सुरुवातीचा झटका अडवणारा रेझिस्टर), मग ब्रिज, बल्क १०० मायक्रो.
आर३: बल्क ते व्हीसीसी (कंट्रोलरची सप्लाय लाइन), १एम. स्टार्टअपसाठी.
डीझेड१: व्हीसीसीवर १८ व्होल्टचा झेनर.
एल१ ६०० मायक्रो, एल२ १२ मायक्रो, के (दोन गुंडाळ्यांची जोड) बरोबर ०.९९.
एस१: स्विच, आरऑन १ मायक्रोओहम, आरऑफ १ई१२ ओहम.
स्नबर १०० किलोओहम, २.२ नॅनो, यूएफ४००७ डायोड.
आर९: दोन्ही ग्राउंडच्या मध्ये, १०एम. सेकंडरी तरंगती राहू नये म्हणून, असं कुठेतरी वाचलं होतं.

शून्यव्होल्ट | रविवार, रात्री ९:५०

बल्क कपॅसिटरवर किती व्होल्ट दिसतात?

भोसरीकर | रविवार, रात्री ९:५४

३२५ असणार ना. २३० गुणिले १.४१.

शून्यव्होल्ट | रविवार, रात्री ९:५५

असणार नको. क्लिक करून बघा.

भोसरीकर | रविवार, रात्री १०:२१

४१.

म्हणजे काय हे?

मधुरा_सांगली | रविवार, रात्री १०:३०

आर३! मला सकाळीच वाटत होतं नेटलिस्ट मागायला हवी.

जुना_फ्यूज | रविवार, रात्री १०:३३

हा हा हा. पन्नास वर्षं झाली, हा सापळा अजून तिथेच आहे.

शून्यव्होल्ट | रविवार, रात्री १०:४०

भोसरीकर, स्पाइस लहान-मोठं अक्षर ओळखत नाही. १एम म्हणजे १ मिलि. मेगसाठी 'मेग' असं पूर्ण लिहावं लागतं. तुमचा स्टार्टअप रेझिस्टर १ मिलिओहमचा आहे. बल्कची ३२५ व्होल्टची लाइन तुम्ही तारेने झेनरवर जोडलीय. बिचारा झेनर १८ व्होल्टला धरून ठेवायची पराकाष्ठा करतोय, आत करंट केवढा असेल तो बघूच नका. ऑपरेटिंग पॉइंट चार मिनिटं का शोधत होतं ते आता कळलं. उत्तर होतं, पण झेनरच्या त्या उभ्या भिंतीच्या टोकाला.

गंमत म्हणजे आर९ पण १० मिलिओहम झालाय. दोन्ही ग्राउंड जवळजवळ जोडली गेलीत. सिम्युलेशनपुरतं ते चालतं, म्हणून तिथे चूक लपली.

पन्हाळकर_रिपेअरिंग | रविवार, रात्री १०:४८

म्हंजे बोर्ड असता तर बल्ब भगभगीत पेटला असता. एका सेकंदात कळलं असतं. मी सकाळी आठलाच सांगितलेलं.

चहाबाज | रविवार, रात्री १०:५०

पन्हाळकर १, न्यूटन ०.

जुना_फ्यूज | रविवार, रात्री ११:०५

सापळ्यांची यादी निघालीच आहे तर: कपॅसिटरला '१एफ' लिहिलंत तर तो १ फेमटोफॅरड होतो. सुपरकपॅसिटर करायला गेलेल्या एकाचा कपॅसिटर असा गायब झालेला मी पाहिलाय. आणि हाताने नेटलिस्ट लिहिणाऱ्यांसाठी: फाइलची पहिली ओळ म्हणजे शीर्षक. तिथे घटक लिहिला तर तो वाचलाच जात नाही.

मधुरा_सांगली | रविवार, रात्री ११:१२

दर वर्षी! दर वर्षी निदान एक तरी जण व्ही१ पहिल्या ओळीत लिहितो आणि विचारतो, मॅडम, सगळीकडे शून्य व्होल्ट का?

भोसरीकर | सोमवार, रात्री ८:४५

ऑफिसातून आल्या आल्या बसलो. दोन्हीकडे मेग केलं. ऑपरेटिंग पॉइंट आता डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच मिळतो, बल्कवर ३२२ व्होल्ट. इतका आनंद झाला की बायकोने विचारलं काय झालं. सांगायचा प्रयत्न केला.

पण. स्विचिंग सुरू झालं की पाचव्या-सहाव्या चक्राला वेग पुन्हा फेमटोसेकंद प्रति सेकंद, आणि खेळ खल्लास. स्विचच्या ड्रेनचा (ट्रान्सफॉर्मरकडच्या टोकाचा) नोड दाखवतं दर वेळी.

आयंडहोवनचा_बंड्या | सोमवार, रात्री ९:३०

आता खरा मुद्दा आला. तुमच्या पहिल्या पोस्टमधलं वाक्य: "वेग यावा म्हणून स्विच आयडियल घेतलाय". उलट झालंय.

के ०.९९ म्हणजे लीकेज इंडक्टन्स (सेकंडरीशी न जोडला गेलेला भाग) साधारण दोन टक्के, १२ मायक्रोहेन्री. स्विच बंद होतो त्या क्षणी या १२ मायक्रोहेन्रीत एक-सव्वा अँपिअर करंट असतो. त्याला कुठेतरी जावं लागतं. खऱ्या स्विचमध्ये, म्हणजे मॉस्फेटमध्ये, ड्रेनला शंभर-एक पिकोफॅरड असतात, करंट आधी तिथे शिरतो, व्होल्टेज काही नॅनोसेकंदांत चढतं, मग स्नबर पकडतो. उरलेली ऊर्जा १२ मायक्रो आणि १०० पिकोमध्ये झुलते, साधारण ४.६ मेगाहर्ट्झने. स्कोपवर दिसतात ती पिसं हीच.

तुमच्या स्विचला कपॅसिटन्सच नाही. स्नबरच्या डायोडचं सीजेओ (जंक्शनचा कपॅसिटन्स) दिलंय का? दिलं नसेल तर मूळ किंमत शून्य. म्हणजे त्या नोडला कुठेच कपॅसिटर नाही, आणि करंट तर क्षणात तोडलाय. सिम्युलेटर पाऊल अर्धं करतो, पुन्हा अर्धं, पुन्हा अर्धं, कारण चढ कितीही जवळून बघितला तरी उभाच दिसतो.

शून्यव्होल्ट | सोमवार, रात्री ९:५०

आणि आरऑन-आरऑफ. १ई-६ आणि १ई१२, म्हणजे १८ शून्यांचा फरक. डबल प्रिसिजनमध्ये, म्हणजे संगणकाच्या एका आकड्यात, जेमतेम १५-१६ अंक मावतात. स्विच चालू असताना त्याच नोडवरच्या बाकी सगळ्यांचं म्हणणं शेवटच्या अंकाच्याही पलीकडे पडतं. एलटीस्पाइसमध्ये 'अल्टरनेट' सॉल्व्हर आहे, तो गोलाईची चूक हजारपट कमी करतो, वेग मात्र निम्म्यावर येतो. पण गरजच काय? आरऑन अर्धा ओहम, आरऑफ १० मेग करा. मेग!

स्विचला समांतर १०० पिको. हिस्टेरेसिस उणे द्या, म्हणजे चालू-बंद होताना तो टप्प्याऐवजी उतारावरून जातो.

शॉर्टकट_शेठ | सोमवार, रात्री १०:०५

किंवा माझी ओळ. जीमिन १ई-६ ने हे पण दबलं असतं :)

जुना_फ्यूज | सोमवार, रात्री १०:२२

तेच तर दुःख आहे शेठ. दबलं असतं. आर३ तारच राहिला असता आणि धागाकर्ता १ मिलिओहमचा स्टार्टअप लावलेला सप्लाय बघून खूश झाला असता.

आम्ही 'कन्व्हर्ज होत नाही' ही तक्रार सिम्युलेटरची समजतो. बरेचदा ती सर्किटची असते. कपॅसिटर नसलेला नोड जगात नाही, शून्य वेळात तुटणारा करंट नाही, १ मायक्रोओहमचा मॉस्फेट नाही. जे जगात नाही ते आपण काढून दिलं की त्याला उत्तर सापडत नाही.

शॉर्टकट_शेठ | सोमवार, रात्री १०:३१

मान्य. ॲबस्टॉल तरी माझाच ठेवा, मान राखा.

मधुरा_सांगली | सोमवार, रात्री १०:४०

ॲबस्टॉल १ मायक्रो. १ मिलि नाही. अर्धा मान.

आयंडहोवनचा_बंड्या | सोमवार, रात्री ११:१५

एक राहिलं. लूपची स्थिरता बघायला २०० मिलिसेकंद कशाला? सुरुवातीचा बराचसा वेळ आउटपुट कपॅसिटर भरण्यात आणि टीएल४३१ चा कॉम्पेन्सेशन कपॅसिटर जागेवर येण्यात जातो. आउटपुटला आयसीने (इनिशियल कंडिशन, सुरुवातीची किंमत) १२ व्होल्ट द्या, बल्कला ३२० द्या, कॉम्पेन्सेशनच्या कपॅसिटरला मागच्या रनमधलं व्होल्टेज द्या. मग १५-२० मिलिसेकंदांत काम होतं. स्टार्टअप एकदाच वेगळं चालवा.

भोसरीकर | बुधवार, रात्री ९:१०

झालं!!

आधी एका वेळी एकच बदल करून बघितला, कारण जुना_फ्यूज काकांची भीती वाटते.

स्विचचे आकडे बदलले, १०० पिको लावला: पूर्ण २०० मिलिसेकंद संपले, पहिल्यांदाच. २३ मिनिटं. डायोडला खरं मॉडेल: १९ मिनिटं. तीन इफपैकी दोन टॅनएच केले, तिसऱ्याला आर-सी: ११ मिनिटं. ॲबस्टॉल, व्हीएनटॉल: ९ मिनिटं. रेलटॉलला हात लावला नाही. आयसी देऊन २० मिलिसेकंदांचा रन: एक मिनिटाच्या आत. चहा टाकायलाही वेळ मिळत नाही.

आणि ती ४.६ मेगाहर्ट्झची पिसं दिसली. झूम करून मोजली, लहरीला २१७ नॅनोसेकंद. किती वेळ नुसता बघत बसलो होतो.

लॅपटॉप रद्द. बायकोला कळलं, चहाबाजने खरंच लिंक पाठवली की काय?

चहाबाज | बुधवार, रात्री ९:१४

स्रोत उघड करता येणार नाही.

ओमकार_ईअँडटीसी | बुधवार, रात्री ११:४०

बंड्यादादा, मोशनल इंडक्टरला करंट दिला, क्रिस्टल वाढतोय!! व्हायव्हा शुक्रवारी आहे, मोशनल म्हणजे काय ते पण सांगा.

आयंडहोवनचा_बंड्या | गुरुवार, दुपारी १२:२५

क्रिस्टलच्या यांत्रिक हलण्याचं विद्युत रूप. हलणाऱ्या वस्तुमानाचा इंडक्टर होतो, स्प्रिंगचा कपॅसिटर, घर्षणाचा रेझिस्टर. व्हायव्हाला एवढं पुरे. पुढचं विचारलं तर पाणी माग.

भोसरीकर | तीन आठवड्यांनी, रविवार, दुपारी १:००

धागा वर काढतोय, माफी असावी. ट्रान्सफॉर्मर गुंडाळून आला, बोर्ड जोडला.

पन्हाळकरांचं ऐकून सिरीजला १०० वॉटचा बल्ब लावला. मिळता मिळेना, तीन दुकानांत एलईडीच दाखवले, शेवटी चिंचवडात एका जुन्या इलेक्ट्रिकलवाल्याकडे माळ्यावर सापडला. बटण दाबलं. बल्ब एकदा चमकला, मंद झाला. आउटपुटला ११.९६.

पिसं मात्र ४.६ ला नाहीत, ३.५ मेगाहर्ट्झला आहेत. सिम्युलेशन चुकलं का?

शून्यव्होल्ट | रविवार, दुपारी १:३०

गुंडाळीचा स्वतःचा कपॅसिटन्स मॉडेलमध्ये घातला होता का? शिवाय प्रोबचे १०-१५ पिको. १०० च्या जागी १७०-१७५ पिको घालून बघा, ३.५ येईल.

भोसरीकर | रविवार, दुपारी १:४२

आलं. ३.५.

पन्हाळकर_रिपेअरिंग | रविवार, दुपारी २:०५

शाब्बास भावा. आता तास-दोन तास फुल लोडला चालव आणि स्नबरच्या रेझिस्टरपाशी नाक ने. वास आला तर वॉट वाढव. ते काम्पुटरात येत न्हाई.

नवी_मेंबर_नाशिक | रविवार, संध्याकाळी ६:२०

छान धागा, सगळा वाचून काढला. मी एनजीस्पाइसमध्ये हाताने नेटलिस्ट लिहितेय. साधा आर-सी फिल्टर आहे, पण आउटपुट कायम शून्यच येतं. नवीन धागा काढू की इथेच विचारू?

मधुरा_सांगली | रविवार, संध्याकाळी ६:२६

इथेच. फाइलच्या पहिल्या ओळीत काय लिहिलंयस?